हात लावू नये

आमच्या व्हिंटेज कार क्लबकडे स्वतःच्या मालकीचं असं फारसं काही नाही. एक झेंडा, एक पावतीपुस्तक, एक जाडजूड टो रोप आणि अठरा पाट्या. पाट्यांवर लिहिलंय 'कृपया हात लावू नये'. कुठेही डिस्प्लेला गाड्या लागल्या की प्रत्येक गाडीच्या पुढे एक पाटी अडकवायची, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. का, तर माझी गाडी सगळ्यात लहान, ती पटकन लागते, मग हा रिकामा दिसतोय, द्या याला काम.

गाडी म्हणजे १९२९ ची ऑस्टिन सेव्हन, वडिलांकडून आलेली. इंजिन ७४७ सीसीचं, आज याहून मोठ्या इंजिनाच्या बाइक्स फिरतात रस्त्यावर. पण दिसते तेवढी बिचारी नाहीये ती. हे मॉडेल १९२२ साली आलं, १९३९ पर्यंत बनत राहिलं, तीन लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, आणि जर्मनीत जो डिक्सीचा कारखाना लायसन्स घेऊन हीच गाडी बनवायचा तो बीएमडब्ल्यूने १९२८ मध्ये विकत घेतला, म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली मोटार ही आमच्या गाडीची सख्खी बहीण. कोणी फार भाव खायला लागलं की मी हे ऐकवतो. क्लबमधल्या सगळ्यांनी पन्नासेक वेळा ऐकलंय.

क्लचचं पेडल जेमतेम बोटभर हलतं, त्यामुळे नवीन माणूस चालवायला बसला की गाडी एकतर बेडकासारखी उडी मारते नाहीतर जागेवर बंद पडते. मला जमायला दोन वर्षं लागली. आवाज म्हणाल तर शिलाई मशीन आणि खिळ्यांनी भरलेला डबा यांच्या मधलं काहीतरी. रंग मी स्वतः मारलाय, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

अगदी दुसऱ्या टोकाला आमच्या डॉक्टरांची गाडी. रोल्स-रॉइस ट्वेंटी, सहा सिलिंडर, तीन लिटरच्या वरचं इंजिन. चालू असताना अगदी शेजारी जाऊन उभं राहिलं तरी माणूस विचारतो, डॉक्टर, चालू आहे का? या प्रश्नासाठीच डॉक्टर जगतात असं आमचं मत आहे. उत्तर देत नाहीत ते, फक्त हसतात आणि खिशातलं मऊ फडकं काढून हेडलाइटवरून फिरवतात. आतापर्यंत सगळ्यात जास्त बक्षिसं त्यांच्याच गाडीला. माझ्या गाडीला एकदाच मिळालं, सहभागाबद्दल.

महिन्यातून एक रविवार आउटिंगचा. सकाळी लवकर निघायचं कारण ऊन चढलं की कार्बोरेटरपर्यंत पोचायच्या आधीच पेट्रोलची वाफ होते आणि मग एकेक गाडी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी, मालक ओलं फडकं घेऊन फ्युएल पंप गार करतोय. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे, हा पहिला नियम. म्हणजे मी पुढे. मागे अर्धा मैलभर एकाहून एक देखणी गाडी आणि त्यांचं नेतृत्व करतोय हा खिळ्यांचा डबा. दुसरा नियम वळणाचा, प्रत्येकाने वळणावर थांबायचं, मागची गाडी आरशात दिसली की मगच पुढे जायचं. हा नियम इतका साधा आहे की सगळे विसरतात, आणि दर वेळी एकतरी गाडी भलत्याच रस्त्याला लागते आणि तासाभराने व्हॉट्सॲपवर तिचा फोटो येतो, मागे कुठलातरी अनोळखी पूल.

पोचल्यावर काय करतो? खरं सांगायचं तर गाड्या लावतो, इंजिनांखाली पुठ्ठे सरकवतो (ऑइल गळत नसेल तर ते संपलेलं असणार, हा क्लबमधला सर्वात जुना जोक) आणि मग नाश्ता होईपर्यंत कोणाची गाडी का तापली यावर भांडतो. नाहीतर व्हिंटेज कशाला म्हणायचं यावर. नव्या मेंबरला वाटतं जुनी ती व्हिंटेज, आणि मग कोणीतरी जाणकार त्याला बाजूला घेऊन समजावतो की १९१९ ते १९३० या काळातली ती व्हिंटेज, त्याच्या आधीच्यांना वेगळी नावं, नंतरच्यांना वेगळी, आणि जुन्या गाड्यांच्या ज्या आंतरराष्ट्रीय महासंघाला फिव्हा म्हणतात तो तर तीस वर्षं झालेल्या कुठल्याही नीट राखलेल्या गाडीला ऐतिहासिक मानतो. नवा मेंबर हिशोब करतो आणि त्याच्या लक्षात येतं की त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली गाडी आता ऐतिहासिक झालीये. तिथून पुढे तो जरा गप्पच असतो.

बायको म्हणते तुमचा क्लब म्हणजे गाडीच्या निमित्ताने नाश्ता. मी तिला इतिहास सांगितला. १४ नोव्हेंबर १८९६, लंडन ते ब्रायटन. तोवर ब्रिटनमध्ये मोटारीला ताशी चार मैलांची मर्यादा होती आणि गाडीच्या पुढे एक माणूस चालत जावा लागायचा, त्याच्या हातात आधीच्या काळी लाल निशाणसुद्धा असायचं. तो कायदा बदलला, मर्यादा चौदा मैल झाली, आणि त्या आनंदात लोकांनी गाड्या काढून ब्रायटनला जायचं ठरवलं. आता निघायच्या आधी काय केलं? नाश्ता! नाश्त्याच्या टेबलावरच एका लॉर्डने लाल निशाण टराटरा फाडलं आणि मग मंडळी निघाली. १९२७ पासून तीच रन पुन्हा होते, मध्ये युद्धासारख्या कारणांनी पडलेले खंड सोडले तर दर वर्षी, १९०५ च्या आधीच्या गाड्या घेऊन. म्हणजे परंपराच आहे. बायको म्हणाली, बरं.

तिला बर्था बेंझची गोष्ट मात्र आवडली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये या बाईने नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार काढली, दोन मुलांना बसवलं आणि मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे गेली, शंभर किलोमीटरच्या वर. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास म्हणजे माहेरची फेरी होती. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने हॅटच्या पिनेने मोकळी केली, इंधन संपलं ते एका औषधाच्या दुकानातून घेतलं, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं लावून घेतलं, आणि चढ आला की मुलं खाली उतरून ढकलायची. आमच्या आउटिंगमध्ये आणि यात १३० वर्षांत काही फरक पडलाय असं मला वाटत नाही. ढकलायला तर अजूनही लागतं. धक्का-स्टार्ट गाडीवाला माणूस गर्विष्ठ राहूच शकत नाही, दर रविवारी चार जणांना 'जरा हात लावता का' म्हणावं लागतं त्याला.

हां, तर हात लावण्याबद्दल.

जगभरचे असे क्लब काही ना काही मदतकार्य करतात, आम्हीही करतो. कुठे देखण्या गाड्यांच्या स्पर्धेतून निधी उभा राहतो. २०१२ मध्ये सिडनीतून सुरू झालेल्या एका उपक्रमात लोक सुटाबुटात जुन्या धाटणीच्या मोटरसायकली चालवतात आणि प्रोस्टेट कॅन्सरचं संशोधन व पुरुषांचं मानसिक आरोग्य यासाठी पैसे गोळा करतात. आमचं लहान प्रमाणावर. आउटिंगच्या एंट्री फीमधला काही हिस्सा बाजूला, कोणाच्या लग्नाला गाडी दिली तर मालक पैसे न घेता देणगीची पावती फाडतो, वर्षातून एक डिस्प्ले. आणि मग जमलेल्या पैशांचा चेक द्यायला वाजतगाजत जायचं.

या चेक द्यायला जाण्याबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं काहीतरी खुपत होतं. एका वर्षी आम्ही एका संस्थेत गेलो, मुलं अंगणात रांगेत उभी केलेली, आम्ही पाऊण तास उशिरा, कारण दोन गाड्या वाटेत बंद. मग भाषणं. मग दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक. मग गाड्यांसमोर मुलांचा फोटो, आणि मुलं गाडीच्या जवळ सरकली की आमच्यातलाच कोणीतरी ओरडायचा, ए, हात नको लावू. पाट्या मीच लावल्या होत्या. परत येताना बायको म्हणाली, आज जेवढं पेट्रोल जाळलंत त्याचे पैसे घरबसल्या पाठवले असते तर जास्त गेले असते. मी खजिनदारांना विचारलं. ते म्हणाले, तो हिशोब मी मुद्दाम करत नाही.

दुसऱ्या एका वर्षी वृद्धाश्रमातल्या लोकांना फेरी मारून आणायची टूम निघाली. कल्पना अशी की त्यांना त्यांचे जुने दिवस आठवतील. एक आजी डॉक्टरांच्या गाडीत बसल्या, फेरी झाली, डॉक्टरांनी अदबीने विचारलं कसं वाटलं. आजी म्हणाल्या, सीट टोचते, परत जाताना साधी गाडी मिळेल का. शिवाय त्यांचे जुने दिवस आणि आमच्या गाड्या यांच्यात निदान पंधरा वर्षांचं अंतर होतं, त्यांच्या तरुणपणीही या गाड्या भंगारातच होत्या. हे आधी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मग गेल्या वर्षी सेक्रेटरी मॅडमनी अंध मुलांच्या एका शाळेशी बोलणं केलं. मीटिंगमध्ये त्यांनी ते सांगितलं आणि पाच सेकंद कोणीच काही बोललं नाही. मनात सगळ्यांच्या एकच, की मुलांना दिसत नाही, मग आपण दाखवणार काय? एकाने तसं बोलूनही टाकलं. मॅडम म्हणाल्या, पाट्या घरी ठेवा, एवढंच करा.

तयारी मात्र नीट झाली, त्याचं श्रेय शाळेतल्या बाईंना. त्यांनी आधीच एक यादी पाठवली होती. फेरी शाळेच्या मैदानातच, रस्त्यावर नाही, कारण आमच्या गाड्यांना सीटबेल्ट कुठले. एका वेळी एकच गाडी चालू, म्हणजे आवाज कुठून येतोय ते मुलांना कळेल. सायलेन्सर, रेडिएटर, जे जे तापतं ते आधी सांगायचं. आणि मुलाचा हात धरून ओढत नेऊन कशावरही ठेवायचा नाही, सांगायचं कुठे काय आहे, तो स्वतः शोधेल. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांनी दोनदा वाचून घेतली.

माझ्याकडे आधी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी आली. म्हणाली, बघू? आणि हात पुढे केले. मी म्हटलं बघ. डाव्या हाताने मडगार्डवर सुरुवात केली, मग फुटबोर्ड, दार, गुंडाळून ठेवलेला कापडी टप, तिथे ती जरा थांबली कारण टपाच्या कडेला चामड्याचे पट्टे आणि बकलं आहेत आणि एक बकल मी चुकीच्या भोकात लावलेलं होतं, ते तिने काढून नीट लावलं. मग मागची स्टेपनी, तिचे आरे एकेक करून मोजले. मग दुसऱ्या बाजूने पुढे. पुन्हा त्याच मडगार्डवर हात आला तेव्हा म्हणाली,

"संपली? एवढीच?"

एवढ्या वर्षांत माझ्या गाडीला क्यूट म्हणाले, छोटीशी म्हणाले, खेळण्यातली म्हणाले. तिने मापच काढलं. मग ती डॉक्टरांच्या गाडीकडे गेली आणि तिथे बराच वेळ चालत होती, डॉक्टर खूश. पण फेरीच्या वेळी घोळ झाला. डॉक्टरांनी गाडी चालू केली आणि मुलं शांत बसून राहिली. डॉक्टर वाट बघतायत, मुलं वाट बघतायत. शेवटी मागून एक जण म्हणाला, काका, चालू करा ना.

डॉक्टरांचा चेहरा मला दिसत होता. आयुष्यभर ज्या वाक्यासाठी गाडी घासली पुसली ते वाक्य असं आलं.

माझ्याकडे रांग लागली. दाराला हात लावून बसलं की अख्खा पत्रा थरथरतो, गिअर बदलताना गुरगुरते, क्लच सुटला की धक्का बसतो, आणि रबरी फुग्याचा भोंपू आहे तो तर अर्ध्या तासात चिरला. मी मनातल्या मनात नवा फुगा कुठे मिळेल याचा विचार करत होतो, खोटं कशाला बोलू.

मग एका मुलाने पुढचं हँडल शोधून काढलं. हे काय? मी सांगितलं की याने इंजिन फिरवून गाडी चालू करतात. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेच्या स्टार्टरने चालू होणारी गाडी आणली, त्याच्या आधी बहुतेक सगळे असंच हँडल मारायचे, माझ्या गाडीला स्टार्टर आहे पण हँडलही आहे. मी फिरवू? नको म्हणालो, कारण इंजिन उलटं लाथ मारतं आणि मनगट जायचं काम. मग वाटलं, इग्निशन बंद ठेवलं, प्लगच्या वायरी काढल्या, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, तर काय होणार आहे? तसं केलं. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, हँडलला वेढा घालू नको, हे तीनदा सांगितलं. आणि त्याने सावकाश फिरवायला सुरुवात केली.

ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हँडल सारखं एकाच जोराने फिरत नाही. घट्ट होतं, मग सुटतं, पुन्हा घट्ट, पुन्हा सुटतं. प्रत्येक सिलिंडर आपापल्या पाळीला आतली हवा दाबतो तो तो घट्टपणा. चार सिलिंडर, हँडलच्या दोन फेऱ्यांत चार वेळा. मी हे असं समजावून सांगत होतो आणि तो फिरवता फिरवता पुटपुटत होता, घट्ट, घट्ट, ढिलं, घट्ट. घट्ट, घट्ट, ढिलं, घट्ट. थांबला आणि म्हणाला, काका, एक ढिला आहे.

मी हातात घेऊन फिरवून बघितलं. होता. जरासाच, पण होता.

सहा महिने गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवत होतं, आणि सहा महिने मी कार्बोरेटर खोलत होतो. जेट साफ केले, फ्लोट बदलला, पेट्रोलला शिव्या घातल्या. घरी जाऊन टॅपेट, म्हणजे व्हॉल्व उचलणारे भाग, बघितले तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्वला गॅपच नाही, व्हॉल्व पूर्ण बसतच नव्हता, सगळं कॉम्प्रेशन तिथून पळत होतं. तो टॅपेट सेट कोणी केला होता? मीच, एका रात्री, घाईत, चष्मा न लावता.

त्या दिवशी तिथेच मी बाईंना अगदी भारावून जाऊन म्हटलं होतं की या मुलांना काय दैवी देणगी असते नाही. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतले दिवस आठवले. म्हणाल्या, देणगी वगैरे काही नाही हो, ड्रम वाजवतो तो, रोज दोन तास प्रॅक्टिस करतो.

चेकही दिला आम्ही, साध्या पाकिटात. ऑफिसमध्ये, दोन मिनिटांत, फोटो न काढता, कारण फोटो काढायला सगळ्यांचे हात ऑइलने काळे झाले होते आणि सेक्रेटरी मॅडमना ते पसंत नव्हतं. डॉक्टरांच्या गाडीवर तर काच, दार, हेडलाइट, सगळीकडे लहान लहान बोटांचे ठसे. हे असे ठसे पाहून माणूस हळवा होतो वगैरे आपण ऐकतो. डॉक्टरांनी घरी पोचायच्या आत, वाटेत थांबून, सगळे पुसून काढले.

पाट्या काही आम्ही टाकून दिल्या नाहीत. पुढच्याच डिस्प्लेला परत बाहेर काढल्या, अठराच्या अठरा, कारण गर्दीत कोणीतरी चावीने रंगावर रेघ ओढतो हेही खरंच आहे. फक्त माझी पाटी मी आता डिकीत ठेवतो. माझ्या रंगाचं कोणी आणखी काय बिघडवणार.

या महिन्यात शाळेचा मेसेज आला, यंदा कधी येताय. खाली बाईंनी लिहिलं होतं की मुलांनी विचारलंय, ती आवाजवाली गाडी नक्की येणार ना? सेक्रेटरी मॅडमनी तो जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात चाळीस अंगठे आले, डॉक्टरांचा एकही नाही. रात्री दहाला त्यांचा फोन. इकडचं तिकडचं बोलले, टॅपेट विचारले, भोंपूचा फुगा मिळाला का विचारलं. मग जरा थांबून म्हणाले, "मी काय म्हणतो, बॉनेट उघडं ठेवून चालवली तर थोडा आवाज येईल का?"

मी म्हटलं येईल की डॉक्टर, थोडा येईल, पण मग मुलांची बोटं फॅनपासून लांब ठेवायला गाडीबरोबर कोणीतरी चालत राहावं लागेल.

"पुढे चालणारा माणूस," डॉक्टर म्हणाले. "हातात लाल निशाण देऊ. तू मोकळाच असतोस ना?"